पंखा बंद, दिवा चालू

पुण्यात आणि आसपास बंद खोलीतली शेती आता नवलाची राहिलेली नाही. कुणी फ्लॅटच्या मागच्या खोलीत मायक्रोग्रीन्सचे ट्रे लावतं, कुणी काश्मीरहून केशराचे कंद आणून थंड खोलीत फुलवतं, कुणाची ऊतिसंवर्धनाची छोटी प्रयोगशाळा असते आणि तिथे मांडणीवर केळीच्या रोपांच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात. या सगळ्यांना सूर्याच्या जागी एलईडीचे ग्रो लाइट लागतात. ते बिघडले की त्यातले काही माझ्या टेबलावर येतात, कारण मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. दिवा आणणारा सांगतो, "एलईडी गेलेत." झाकण उघडलं की बहुतेक वेळा दिसतो तो धुळीनं गच्च भरलेला, बोटानं ढकलल्याशिवाय न फिरणारा पंखा. एलईडी त्यानंतर गेलेले असतात.

"पंखा बंद आहे, पण दिवा लागतोय. मग चालवू का?" हा प्रश्न मला सतत येतो. माझं उत्तर ठाम आहे. जो दिवा कारखान्यातूनच पंखा लावून आलाय, तो पंख्याशिवाय पूर्ण ताकदीनं चालवू नये, एक रात्रसुद्धा नाही. असं का, आणि अगदी नाइलाज झाला तर काय करावं, ते कामातून जसं कळत गेलं तसं मांडतो.

१. घरघर थांबली की आधी प्लग काढा.

मायक्रोग्रीन्सचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई फोनवर म्हणाल्या, "दादा, दिव्याची घरघर थांबली एकदाची. आता रात्री शांत झोप लागते. दिवा मात्र मस्त चालू आहे." मी म्हटलं, "ताई, आधी प्लग काढा, मग बोलू." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर दिव्याच्या वर टेकलेला प्लॅस्टिकचा ट्रे खालून वाकला होता आणि त्याचा रंग त्या चौकोनापुरता पिवळसर झाला होता.

पंखा एकदम मरत नाही. आधी घरघरतो, मग सुरू होताना अडखळतो, मग तापल्यावर मध्येच थांबतो आणि गार झाल्यावर पुन्हा फिरतो. या सगळ्या काळात प्रकाशात डोळ्याला कळेल असा फरक पडत नाही. पुष्कळ स्वस्त दिव्यांत पंख्याला १२ व्होल्टचा वेगळा छोटा पुरवठा असतो आणि एलईडींना ठरलेला करंट देणारा वेगळा ड्रायव्हर. एकाची खबर दुसऱ्याला नसते. त्यामुळे पंखा थांबला तरी दिवा त्याच तेजानं जळत राहतो, आणि माणूस निर्धास्त असतो.

२. समोर हात धरून काही कळत नाही.

जुना पिवळा बल्ब समोरून भाजायचा, कारण त्याची बरीचशी उष्णता किरणांबरोबर पुढे जायची. एलईडीची गोष्ट वेगळी आहे. चांगल्या प्रतीच्या दिव्यात विजेचा निम्म्याच्या आसपास भाग प्रकाश होतो, जुन्या जांभळ्या पॅनलमध्ये जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेली सगळी ऊर्जा चिपच्या बुडाशी उष्णता म्हणून साठते आणि तिला फक्त मागच्या बाजूनं, धातूतून वाट असते. म्हणजे प्रत्यक्षात २०० वॉट ओढणाऱ्या दिव्याच्या पाठीवर शंभर-सव्वाशे वॉटची शेगडी अखंड चालू आहे असं धरा. समोरून हात धरणाऱ्याला ती जाणवत नाही. "एलईडी तापतच नाहीत हो," असं सांगणारे विक्रेते मला भेटलेत, आणि त्यांचा मला खरंच राग येतो.

३. बिनपंख्याचा दिवा आणि पंखा बंद पडलेला दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"शेजाऱ्याच्या दिव्याला पंखाच नाही, तरी तो चालतो," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्या दिव्याची पाठ बघा. एक तर मोठी सपाट ॲल्युमिनियमची पाटी असते, नाही तर जाड पाती लांब लांब अंतरावर असतात. गरम हवा त्यांच्यामधून आपोआप वर निघते. पंख्याच्या दिव्याचं हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा हा धातूचा भाग, लहान असतं आणि त्याची पाती इतकी जवळजवळ असतात की मध्ये नख जेमतेम शिरतं. तिथे हवा ढकलावी लागते, स्वतःहून ती वाहत नाही. त्यातच वरून पत्र्याचा बंद डबा असतो. पंखा हा त्या रचनेचा भाग आहे. तो गेला की उरतो तो गरजेपेक्षा फार लहान हीटसिंक लावलेला दिवा.

४. सगळ्यात आधी ड्रायव्हर शिजतो.

लोकांचं लक्ष एलईडीकडे असतं. आगीच्या दृष्टीनं मला जास्त काळजी ड्रायव्हरची आणि वायरींची वाटते. डब्यातल्या दिव्यात ड्रायव्हर एलईडींच्या शेजारीच कोंबलेला असतो. पंखा थांबला की डब्यातली हवा कोंडते आणि ड्रायव्हर स्वतःच्या उष्णतेत आणि एलईडींच्या उष्णतेत असा दुहेरी तापतो.

त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, छोट्या उभ्या डब्यांसारखे. त्यांच्यात द्रव असतो आणि तापमानानं तो हळूहळू सुकतो. या धंद्यातला जुना ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. ३० अंश वाढलं तर आठवा हिस्सा उरतो. पाच वर्षं टिकेल अशी वस्तू सात-आठ महिन्यांत संपते. कपॅसिटरचं टोपण सपाट असायला हवं, ते फुगून वर आलं असेल तर त्याचे दिवस भरले. त्याआधी दिवा लुकलुकायला लागतो.

मग वायरी. साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरी ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतात. पंखा बंद असलेल्या डब्यात हीटसिंकला टेकलेली वायर तिथे सहज पोचते. आवरण आधी मऊ पडतं, मग कडक होतं, मग वाकवलं की तडकतं. आतली तार पत्र्याला टेकली की शॉर्ट, नाही तर सगळा डबा जिवंत. जांभळ्या प्रकाशात करपलेली वायर दिसत नाही, तपकिरी आणि काळा सारखेच वाटतात. म्हणून तपासणी नेहमी दिवा बंद करून, पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात करावी. आणि नाकावर विश्वास ठेवावा. तापलेल्या विजेच्या प्लॅस्टिकला कधीकधी मासळीसारखा वास येतो. खोलीत मासळी नसताना तसा वास आला तर तो शोधून काढल्याशिवाय झोपू नये.

न्यायानं हेही सांगायला हवं, की पंखा बंद पडलेला प्रत्येक दिवा पेटत नाही. बहुतेक दिवे हळूहळू मंदावून मरतात. चांगल्या ड्रायव्हरमध्ये तापमान वाढलं की करंट कमी करण्याची किंवा बंद होण्याची सोय असते. पण आपल्या दिव्यात ती आहे की नाही हे डबा बाहेरून बघून कळत नाही, आणि खाली सुकं कोकोपीट, बाजूला प्लॅस्टिकचा पडदा असताना अंदाजावर चालण्यात अर्थ नाही.

५. तापमान मोजायचं तर नीट मोजा.

लाल ठिपक्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सगळ्यांकडे असतो. तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर खूप कमी आकडा दाखवतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी किरणांनी टाकत नाही आणि उपकरणाला खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. मी दिवा बंद असताना हीटसिंकवर कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवतो, दिवा चालू करून तासभर तापू देतो आणि टेपवर मोजतो. उघड्या धातूवर ४० दाखवणारं तेच उपकरण टेपवर ७० दाखवताना मी पाहिलंय. मल्टिमीटरला थर्मोकपलची तार असेल तर आणखी उत्तम.

ड्रायव्हरच्या लेबलवर बऱ्याचदा 'टीसी' असं लिहिलेला एक ठिपका असतो. तिथलं तापमान किती चालेल हा आकडाही शेजारी छापलेला असतो. अंदाजापेक्षा तो ठिपका मोजा.

आणि खोलीचं तापमान विसरू नका. दिवा आपल्या वॉटनुसार भोवतालच्या हवेपेक्षा अमुक अंश वर जातो. समजा तो ४० अंश वर जातो. थंड केलेल्या २५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर थांबेल. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे किंवा पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४२ असेल तर तोच दिवा ८२ वर जाईल. हिवाळ्यात पंख्याशिवाय निभावलं म्हणून उन्हाळ्यात निभावेल असं नाही. उन्हाळ्यात दिव्यांचे तास रात्री ठेवावेत, झाडाला काही फरक पडत नाही आणि दिव्याला गार हवा मिळते. मात्र हे पंखे धड असलेल्या दिव्यांपुरतं.

६. दोन-चार एलईडी गेले तर 'बाकीचे आहेत की' म्हणू नका.

एलईडी ओळीत जोडलेले असतात आणि अशा अनेक ओळी एकाच ड्रायव्हरवर समांतर असतात. ड्रायव्हर ठरलेला करंट देतो, तो चार ओळींत वाटला जातो. एक ओळ तुटली की तोच करंट तिघींत जातो, म्हणजे प्रत्येकीवर ३३ टक्के जास्त. त्या जास्त तापतात, दुसरी ओळ तुटते, मग उरलेल्या दोघींवर दुप्पट. पंखा बंद असताना ही साखळी भराभर पुढे सरकते. काही दिव्यांत एलईडीला समांतर झेनर असतो, तिथे एक गेला तरी ओळ चालू राहते, पण पॅनलवर काळा ठिपका दिसला की मूळ कारण बहुतेकदा उष्णताच असतं.

७. झाडं आधी सांगतात.

लाल एलईडी निळ्यापेक्षा उष्णतेनं जास्त मंदावतो. पॅनल तापला की प्रकाश कमी होतोच, शिवाय त्याचा तोलही बदलतो. मायक्रोग्रीन्स एका ट्रेमध्ये काडीसारखी लांब आणि फिकी, शेजारच्या ट्रेमध्ये बुटकी आणि हिरवीगार, असं दिसलं तर बियाण्याला दोष देण्याआधी वरच्या दिव्याची पाठ बघा. दिवा जवळ असेल तर उलट शेंड्याची पानं वाकून कोरडी पडतात.

८. पंखा का मरतो, ते कळलं तर पुढचा टिकतो.

ग्रो लाइटचा पंखा डब्यावर आडवा, आकाशाकडे तोंड करून बसवलेला असतो. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, आणि असं आडवं ठेवलं की त्यातलं तेल लवकर सरकतं, सुकतं. बदलताना बॉल बेअरिंगचा पंखा घ्यावा. आवाज थोडा जास्त असतो, आयुष्यही जास्त. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळ्या मापांचे पंखे मिळतात. जुना पंखा काढून सोबतच न्या. तीन गोष्टी जुळायला हव्यात: बाजूची लांबी (८०, ९२, १२० मिलिमीटर), जाडी आणि लेबलवरचे व्होल्ट. १२ व्होल्टच्या जागी २४ चा पंखा बसवला तर तो रडतरखडत फिरेल, नाही तर फिरणारच नाही. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्याप्रमाणेच ठेवावा. उलट बसवलेला पंखा फिरताना छान दिसतो आणि काम बिघडवतो.

दुसरा शत्रू कोकोपीट. ट्रे भरताना त्याची बारीक भुकटी उडते, पंखा ती आत ओढतो आणि फवारणीच्या ओलाव्यानं ती पात्यांमध्ये लिंपली जाते. खतमिश्रित पाण्याचे थेंब उडत असतील तर क्षाराचा पांढरा थरही बसतो. ट्रे भरण्याचं काम दिव्याच्या खोलीबाहेर करावं, एवढ्या एका सवयीनं पंख्याचं आयुष्य वाढलेलं मी पाहिलंय. महिन्या-दोन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशनं किंवा ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगानं फिरतं आणि बेअरिंग तिथेच खराब होतं.

९. उघडायचं असेल तर विजेला मान द्या.

आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज ड्रायव्हरच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथे असते. किमान दहा मिनिटं थांबा, मग मल्टिमीटरनं मोजा, मगच हात घाला. पुष्कळ स्वस्त ड्रायव्हर मेन्सपासून वेगळे केलेले नसतात, त्यामुळे एलईडींच्या ओळीवरही धक्का बसू शकतो. दिव्याच्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी तार आहे का, आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये ते अर्थिंग खरंच येतंय का, हे दोन्ही तपासा. ओल्या हातांनी काम चालणाऱ्या खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. यातलं काही समजत नसेल तर दिवा उघडू नये, जाणकाराकडे न्यावा.

१०. पंखा येईपर्यंत काय चालतं, काय चालत नाही.

डिमर असेल तर दिवा निम्म्याच्या खाली आणा. वॉट निम्मे झाले की तापमानातली वाढही साधारण निम्मी होते. तरीही टीसी ठिपका मोजा, आणि माणूस जागा असेपर्यंतच चालवा. टायमरवर सोडून गावाला जाऊ नका.

टेबलफॅन लावण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. हीटसिंकची पाती उघडी असलेल्या दिव्यावर ती काही दिवस चालते. बंद डब्याच्या दिव्यावर बाहेरून वारा मारून आतल्या ड्रायव्हरला विशेष काही मिळत नाही. मग कुणी झाकणच काढून ठेवतं. ते करू नका, फवारणीच्या खोलीत उघडा ड्रायव्हर म्हणजे जिवाशी खेळ. पंख्यात खोबरेल तेल घालणारेही मला भेटलेत. तो थोडे दिवस फिरतो आणि पुन्हा अडतो, बहुधा रात्री. दिवा नायलॉनच्या दोरीनं टांगला असेल तर ती काढून साखळी लावा, तापलेल्या पत्र्याजवळ दोरीचा भरवसा नाही.

डिमर नसेल तर दिवा बंदच ठेवा. केशराचे कंद किंवा ऊतिसंवर्धनाच्या बाटल्या दोन-तीन दिवसांच्या कमी प्रकाशानं मरत नाहीत. मायक्रोग्रीन्सचे ट्रे खिडकीत नेऊन ठेवता येतात.

११. एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही.

एमसीबी जास्त करंट गेला तर पडतो. आरसीसीबी करंट जमिनीकडे गळला तर पडतो. डबा नुसता तापतोय, किंवा सैल स्क्रूपाशी जोड तापतोय, हे दोघांनाही कळत नाही, कारण करंट तेवढाच असतो. २०० वॉटचे दहा दिवे एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेले मी पाहिलेत. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि बोर्ड ६ अँपिअरचा. तिथे पंखे धड असले तरी प्लगच्या पिना काळ्या पडतात.

डबा तापण्यावर उपाय म्हणून मी आवर्जून एक गोष्ट बसवतो: हीटसिंकवर २५० व्होल्टचा, 'नॉर्मली क्लोज्ड' प्रकारचा बायमेटल थर्मल स्विच, ७० किंवा ७५ अंशांचा, ड्रायव्हरच्या इनपुट वायरमध्ये. किंमत किरकोळ असते. तापमान गाठलं की तो दिव्याची वीज तोडतो, गार झाल्यावर परत जोडतो. दिवा असा मधूनमधून बंद-चालू होताना दिसला की पंख्याकडे बघायचं. खोलीत बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म आणि दाराबाहेर एबीसी पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवा. पेटलंच तर आधी बाहेरून मेन स्विच बंद करायचा, पाणी मारायचं नाही, आणि आवाक्याबाहेर वाटलं की दार ओढून घेऊन बाहेर पडून १०१ किंवा ११२ लावायचा. झाडं परत लावता येतात.

१२. नवा दिवा घेताना प्रकाशाआधी पाठ बघा.

जागा असेल तर बिनपंख्याचा, मोठ्या पाटीचा दिवा घ्यावा असं माझं मत आहे. फिरणारा भागच नसेल तर अडकणार काय? जड आणि महाग पडतो, पण दमट खोलीत तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. पंख्याचाच घ्यायचा असेल तर पंखा स्क्रूनं बसवलाय की रिव्हेटनं ते बघा, रिव्हेटवाला बदलताना जीव मेटाकुटीला येतो. ड्रायव्हरवर बीआयएसचं चिन्ह, आयएस १५८८५ आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असायला हवा. मग दुकानदाराला सांगा, की प्लग काढून पंख्याचं कनेक्टर सोडवा, झाकण लावा आणि दिवा अर्धा तास लावून ठेवा. करंट आपोआप उतरला किंवा दिवा बंद झाला तर आत संरक्षण आहे. जसाच्या तसा जळत राहिला तर ते नाही असं धरून चाला आणि थर्मल स्विचचा खर्च किमतीत मिळवा. काही दुकानदार या परीक्षेला तयार होत नाहीत. मी अशा ठिकाणाहून दिवा घ्यायला सांगत नाही.